पायथॉन फोनवर आला. आता तो टिकवायला हवा

७ ऑक्टोबर २०२४ रोजी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.१३ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. या आवृत्तीपासून अँड्रॉइड आणि आयफोनची आयओएस या दोन मोबाईल प्रणालींना पायथॉनच्या मूळ प्रकल्पाने आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. बरोबर एक वर्षाने ३.१४ ही आवृत्ती आली आणि अँड्रॉइडसाठीची तयार बांधणी पायथॉनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळू लागली. मथळ्यात जाण्यासारखी ही बातमी नव्हती. तरीही फैजपूरसारख्या गावात संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींशी तिचा थेट संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासाठी आधी तिच्या पोटातली तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागते.

फैजपूर हे यावल तालुक्यातले गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या या केळीच्या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धनाजी नाना महाविद्यालय आहे आणि यावल-रावेरच्या खेड्यांतून तिथे शिकायला येणारी मुले आहेत. अभियांत्रिकी, बीएस्सी, बीसीए अशा अभ्यासक्रमांत आज पायथॉन शिकवला जातो. प्रयोगशाळेतला संगणक आठवड्यातून ठरलेल्या तासांपुरता मिळतो. सराव मात्र घरीच करायचा असतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, तर शहरी भागात ते प्रमाण २३.४ टक्के होते. खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या हातात असते ते यंत्र म्हणजे फोन.

हा फोन दुबळा नाही. आज स्वस्तातल्या फोनमध्येही ६४ बिटांचा प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असते. वीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या संगणकांवर मुले प्रोग्रॅमिंग शिकली, त्यांच्याहून हा फोन कितीतरी सक्षम आहे. पायथॉन ही भाषाही जुनी आणि मोफत. गुइडो व्हान रॉसम यांनी तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये खुली केली. पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. मग यंत्र तयार आणि भाषाही तयार असताना अधिकृत जोडणीला सोळा वर्षे का लागली, हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘पोर्टिंग’ या कामात आहे.

पोर्टिंग म्हणजे एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रणालीवर नीट चालेल असा करून घेणे. पायथॉनच्या बाबतीत हे काम कुठे करावे लागते, हे कळण्यासाठी त्याची रचना पाहू. विद्यार्थी जो पायथॉन प्रोग्रॅम लिहितो, तो यंत्राला थेट कळत नाही. इंटरप्रिटर नावाचा एक प्रोग्रॅम तो वाचतो, त्याचे सोप्या सूचनांत रूपांतर करतो आणि एकेक सूचना अमलात आणतो. हा इंटरप्रिटर सी या भाषेत लिहिलेला आहे. त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेली मूळ संहिता, सर्वांना खुली आहे. फोनवर न्यायचा असतो तो हा सी भाषेतला इंटरप्रिटर.

सी भाषेतली संहिता चालवण्याआधी कंपाईल करावी लागते. कंपायलर तिचे त्या त्या प्रोसेसरच्या यंत्रभाषेत रूपांतर करतो. लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीच्या धाटणीचा प्रोसेसर असतो, तर फोनमध्ये आर्म धाटणीचा. एकासाठी केलेले रूपांतर दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून एकच संहिता प्रत्येक धाटणीसाठी स्वतंत्रपणे कंपाईल करावी लागते. एवढेच असते, तर काम एका आठवड्यात आटोपले असते, कारण आर्मसाठी कंपाईल करणारी साधने फार पूर्वीपासून उपलब्ध आहेत.

खरी अडचण प्रोसेसरच्या वरच्या थरात आहे. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण सी भाषेतला प्रोग्रॅम गाभ्याशी सहसा थेट बोलत नाही. मध्ये सी लायब्ररी नावाचा दुवा असतो. फाईल उघडणे, वेळ विचारणे, मेमरी मागणे ही कामे तिच्यामार्फत होतात. लॅपटॉपवरच्या बहुतेक लिनक्समध्ये ग्लिबसी ही लायब्ररी असते, तर अँड्रॉइडने बायॉनिक नावाची स्वतःची, आटोपशीर लायब्ररी वापरली. तिच्यात काही सोयी मुळातच नव्हत्या, काही नंतरच्या आवृत्त्यांत आल्या आणि काहींचे वागणे वेगळे होते. लिनक्सवर सुखाने चालणारी संहिता त्यामुळे अँड्रॉइडवर कुठेतरी अडते, आणि ती नेमकी कुठे अडली हे एकेक जागा तपासूनच कळते.

दुसरी अडचण बांधणीच्या पद्धतीतली आहे. फोनसाठीचा पायथॉन फोनवर बांधला जात नाही. तो लॅपटॉपवर बांधून फोनवर नेला जातो. याला क्रॉस कंपाईल करणे म्हणतात. नेहमीच्या बांधणीत एक तपासणी प्रोग्रॅम आधी छोटे छोटे प्रयोग चालवून या यंत्रावर अमुक सोय आहे का, तमुक आकडा किती बाइटांचा आहे, हे जाणून घेतो. क्रॉस कंपाईल करताना हे प्रयोग चालवताच येत नाहीत, कारण ज्या यंत्रासाठी बांधायचे ते यंत्र समोर नसते. गिऱ्हाईक समोर नसताना नुसत्या लिहून दिलेल्या मापांवर कपडा शिवावा, तशी ही स्थिती असते. मापे आधीच नीट नोंदवून द्यावी लागतात, आणि एक माप चुकले तर चूक फोनवर गेल्यावरच दिसते. शिवाय पायथॉन बांधताना मधल्या काही पायऱ्यांत पायथॉनच लागतो, म्हणून लॅपटॉपसाठी त्याच आवृत्तीचा एक पायथॉन आधी तयार ठेवावा लागतो.

तिसरी अडचण अशी की फोनवर प्रोग्रॅम चालण्याची रीतच वेगळी आहे. लॅपटॉपवर आपण काळी खिडकी उघडतो, आज्ञा लिहितो आणि उत्तर त्याच खिडकीत दिसते. फोनवर अशी खिडकी नाही. तिथे ॲप असते आणि अँड्रॉइडचे ॲप जावा किंवा कोटलिन या भाषांच्या चौकटीत सुरू होते. त्यामुळे पायथॉनला स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून न ठेवता एक लायब्ररी म्हणून ॲपच्या आत बसवावे लागते. याचा एक परिणाम नवशिक्याला चकवणारा आहे. कोणताही विद्यार्थी पहिल्या दिवशी ‘प्रिंट’ ही आज्ञा शिकतो. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये या आज्ञेने छापलेला मजकूर कुठेच दिसत नाही, कारण छापण्याची वाट जिथे उघडते तिथे काहीच नसते. अधिकृत पोर्टमध्ये हा मजकूर अँड्रॉइडच्या नोंदवहीकडे, म्हणजे लॉगकडे, वळवण्याची सोय करावी लागली.

चौथी अडचण सुरक्षेच्या नियमांची. फोनवर प्रत्येक ॲपला स्वतःची बंदिस्त जागा मिळते आणि तिच्याबाहेर त्याला मुक्तसंचार नसतो. हे योग्यच आहे, कारण फोनमध्ये आपली बँक असते, फोटो असतात. पण प्रोग्रॅमिंग भाषा ही दुसऱ्याने लिहिलेला कोड चालवण्यासाठीच असते आणि इथे तिची नियमांशी गाठ पडते. अँड्रॉइड १० पासून ॲपने स्वतःच्या जागेत उतरवून घेतलेली यंत्रभाषेतली फाईल चालवण्यास बंदी आली. टर्मक्स हे फोनवर लिनक्सची साधने देणारे लोकप्रिय ॲप याच नियमामुळे अडचणीत आले, आणि त्याच्या कर्त्यांना २०२० मध्ये प्ले स्टोअरवरची आवृत्ती अद्ययावत करणे थांबवावे लागले. आयओएसवर तर ॲपला दुसरी प्रक्रिया सुरूच करता येत नाही.

ॲपलच्या नियमांचा इतिहासही ध्यानात ठेवावा असा आहे. एप्रिल २०१० मध्ये ॲपलने आयफोनची ॲप मुळात ऑब्जेक्टिव्ह-सी, सी, सी++ अशा ठरावीक भाषांतच लिहिलेली असावीत अशी अट घातली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती सैल केली. अलीकडचे उदाहरण आणखी बारीक आहे. पायथॉन ३.१२ मध्ये वेबपत्ते ओळखणाऱ्या भागात ‘आयटीएमएस-सर्व्हिसेस’ हा एक शब्द होता. ॲपलच्या स्वयंचलित तपासणीला तो शब्द खटकला आणि तो कुठेही वापरात नसताना पायथॉन असलेली ॲप नाकारली गेली. त्यावर उपाय म्हणून ३.१३ मध्ये असे शब्द गाळून बांधणी करण्याची वेगळी सोय करावी लागली. ज्या प्रणालीवर आपण जातो तिच्या मालकाचे नियमही पोर्टचा भाग असतात, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

पाचवी अडचण भाषेच्या गोतावळ्याची आहे. पायथॉन लोकप्रिय झाला तो त्याच्या जोडीला असलेल्या लायब्ररींमुळे. आकडेमोडीसाठीची नमपाय सी भाषेवर आधारलेली आहे, म्हणून तीही प्रत्येक प्रोसेसरसाठी नव्याने बांधावी लागते. वैज्ञानिक गणितासाठीच्या सायपायमध्ये फोरट्रान या जुन्या भाषेतला कोड मोठ्या प्रमाणात आला, आणि अँड्रॉइडच्या अधिकृत साधनसंचात फोरट्रानचा कंपायलरच नाही. चित्रे काढत प्रोग्रॅमिंग शिकवणारे ‘टर्टल’ हे साधन मुलांच्या फार आवडीचे. पण ते ज्या खिडक्यांच्या लायब्ररीवर उभे आहे ती फोनवर नसल्याने अधिकृत मोबाईल बांधणीत टर्टल मिळत नाही. भाषा फोनवर आली म्हणजे प्रयोगशाळेतले सगळे फोनवर आले, असा समज करून घेऊ नये.

या सगळ्या अडचणींवर लोकांनी वाट काढली नाही असे नाही. गूगलमधील डेमन कोहलर यांच्या प्रकल्पातून २००९ मध्येच अँड्रॉइडवर पायथॉन व इतर भाषा चालू लागल्या होत्या. किवी प्रकल्पाने पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमची अँड्रॉइड ॲप बनवण्याचे साधन २०१२ च्या सुमारास दिले. पुढे टर्मक्स आले, पायड्रॉइड आले, आणि माल्कम स्मिथ यांचे चाकोपाय हे साधन २०१७ मध्ये आले. यांपैकी अनेकांचा आजही उपयोग होतो. फोनवर पायथॉनचा सराव करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना यांतले एखादे नाव परिचयाचे असेल.

मात्र या प्रत्येक प्रयत्नाला एक समान खर्च सोसावा लागला. पायथॉनची मूळ संहिता अँड्रॉइडला ओळखत नव्हती. म्हणून प्रत्येक प्रकल्पाने तिच्यात आपापल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, घातले आणि ते वेगळे जपून ठेवले. पायथॉनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरात येते. मूळ संहितेतल्या ओळी बदलल्या की जुना पॅच बसत नाही. तो नव्याने लिहावा लागतो. हे काम दरवर्षी, प्रत्येक प्रकल्पात, वेगवेगळ्या माणसांनी पुन्हा पुन्हा केले. करणारा दमला, त्याची नोकरी बदलली किंवा निधी संपला, की तो पोर्ट जुन्या आवृत्तीवर थांबतो. थांबलेल्या पोर्टमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत नाहीत.

महाराष्ट्राला याचा जवळून अनुभव आहे. केंद्र सरकारने ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅबलेट जाहीर केला. पुढच्या टप्प्याची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-२ चे अनावरण झाले. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला १,१३० रुपयांत द्यायचा होता. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि सात इंचांचा पडदा, एवढी त्याची शक्ती होती. हार्डवेअरबद्दल त्या काळात भरपूर वाद झाले. सॉफ्टवेअरमध्ये काय घडले, याची चर्चा फारशी झाली नाही.

आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आकाशसाठी शैक्षणिक ॲप तयार झाली. त्यांत ‘आकाश प्रोग्रॅमिंग लॅब’ हे एक होते. त्यात विद्यार्थ्याला सी, सी++, पायथॉन आणि सायलॅब या चार भाषांत प्रोग्रॅम लिहून टॅबलेटवरच चालवता येत. कल्पना अतिशय योग्य होती: विद्यार्थ्याच्या हातातले स्वस्त यंत्र हीच त्याची प्रयोगशाळा. तो काळ पाहता हे धाडसही होते, कारण पायथॉनचा अधिकृत अँड्रॉइड पोर्ट तेव्हा अस्तित्वात नव्हता.

म्हणून या ॲपने अडचणींना वळसा घातला. बायॉनिकशी, नियमांशी, फोरट्रानशी एकेक झुंज देत बसण्याऐवजी अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सची एक स्वतंत्र प्रतिमा ठेवली गेली आणि चारही भाषा तिच्या आत चालल्या. अशी रचना चालवण्यासाठी यंत्रावर सर्वाधिकार, म्हणजे रूट प्रवेश, लागतो. आकाशसाठी तो देणे शक्य होते. बाजारातल्या सर्वसाधारण फोनवर तो मिळत नाही आणि बळेच मिळवला तर हमी आणि सुरक्षितता दोन्ही जातात. परिणामी ही प्रयोगशाळा त्या टॅबलेटशी बांधली गेली. काही वर्षांत आकाश प्रकल्प थांबला आणि त्या टॅबलेटसाठी जुळवलेली ही प्रयोगशाळा विद्यार्थ्यांच्या पुढच्या फोनवर गेली नाही.

यात त्या अभियंत्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. हाती असलेल्या वेळेत आणि साधनांत त्यांनी चालणारी गोष्ट उभी केली. त्या प्रयत्नातून घ्यायचा धडा असा की पोर्ट एखाद्या उपकरणाच्या किंवा योजनेच्या आधाराने उभा असेल, तर त्याचे आयुष्य त्या उपकरणाइतके किंवा योजनेइतकेच असते. जो पोर्ट भाषेच्या मूळ संहितेत विलीन होतो, तो भाषेबरोबर पुढे जातो.

२०२४ मध्ये घडले ते नेमके हे. पायथॉनमध्ये मोठा बदल करायचा तर त्याचा सविस्तर प्रस्ताव लिहावा लागतो. त्याला पेप म्हणतात. आयओएससाठीचा पेप ७३० रसेल कीथ-मॅगी यांनी लिहिला आणि अँड्रॉइडसाठीचा पेप ७३८ माल्कम स्मिथ यांनी. वर ज्यांचा उल्लेख आला ते चाकोपायचे कर्ते हेच. दोघांच्या या कामाला अ‍ॅनाकोंडा या कंपनीचे पाठबळ होते. वर्षानुवर्षे बाहेर सांभाळलेल्या दुरुस्त्या त्यांनी तपासून, चाचण्यांसह, मूळ संहितेत घातल्या. आता कोणी मूळ संहितेत ओळ बदलली आणि त्यामुळे अँड्रॉइडवर काही बिघडले, तर स्वयंचलित चाचणी करणारे यंत्र ते लगेच दाखवते. एक लहान बदल सगळे सांगून जातो: पूर्वी फोनवरचा पायथॉन ‘कुठे चालतो आहेस’ असे विचारल्यावर ‘लिनक्स’ असे उत्तर देई, ३.१३ पासून तो ‘अँड्रॉइड’ असे सांगतो.

मान्यतेच्या या पातळीची मर्यादाही समजून घ्यावी. पायथॉनने प्रणालींच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीतल्या प्रणालीवर चाचणी नापास झाली, तर नवी आवृत्ती प्रसिद्धच होत नाही. अँड्रॉइड आणि आयओएस तिसऱ्या श्रेणीत आहेत. या श्रेणीसाठी निदान एका मुख्य विकासकाने जबाबदारी घेतलेली असावी आणि निदान एक भरवशाचे चाचणीयंत्र चालू असावे, एवढी अट आहे; तिथे काही बिघडले म्हणून आवृत्ती थांबत नाही. म्हणजे अवघ्या जगाच्या फोनवरचा पायथॉन अजून मोजक्या माणसांच्या खांद्यांवर आहे. शिवाय ३.१४ सोबतची बांधणी म्हणजे बोट लावून उघडायचे ॲप नाही. ॲप बनवणाऱ्यांनी वापरायचा तो पाया आहे. विद्यार्थ्यासाठीचे सुबक ॲप त्यावर कोणीतरी उभारायचे आहे.

आणि हे काम एकदा करून संपणारे नाही. अँड्रॉइड १५ पासून मेमरीची पाने ४ केबीऐवजी १६ केबी आकाराची असलेल्या फोनांना मान्यता मिळाली. यंत्रभाषेत रूपांतरित झालेल्या लायब्ररी पानाच्या आकारानुसार जुळवलेल्या असतात, म्हणून त्या पुन्हा बांधणे भाग पडले. अँड्रॉइड १५ व त्यापुढील आवृत्त्यांसाठीच्या नव्या आणि सुधारित ॲपना प्ले स्टोअरने १ नोव्हेंबर २०२५ पासून ही अट लागू केली. ज्या लायब्ररीला सांभाळणारे कोणी आहे ती नव्या अटीनुसार बांधून झाली. जिला कोणी उरले नाही ती नव्या फोनवर बंद पडणार. पोर्टच्या आयुष्यात असे प्रसंग दर दोन-तीन वर्षांनी येतच राहतात.

सांभाळणाऱ्यांत आपला कोणी असावा, याला मराठीचे म्हणून एक स्वतंत्र कारण आहे. पायथॉन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत लिहिता येतात. ‘इंट’ या फंक्शनला ‘१२’ हा देवनागरी आकडा अवतरणात दिला, तर ते त्याची बारा ही संख्या करून देते. केळीच्या वजनाची मराठीत लिहिलेली यादी त्यामुळे सरळ बेरजेला घेता येते. पण ‘शेतकऱ्याचे_नाव’ असे चल लिहिताना एक ठेच लागते. यातले ‘ऱ्या’ काही कीबोर्ड एका पद्धतीने टंकतात, तर काही त्यात एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉन पहिले स्वीकारतो आणि दुसऱ्यावर चूक दाखवतो. शिकणाऱ्या मुलाला आपले काय चुकले हे कळतच नाही. फोनवर कीबोर्ड अनेक प्रकारचे असल्याने तिथे हा गोंधळ अधिक होतो. अशी अडचण मराठी वापरणाऱ्यालाच येणार, आणि त्याने ती नीट मांडून कळवली तरच तिच्यावर उपाय निघणार.

फोनवर प्रोग्रॅमिंग शिकवण्याबद्दल शिक्षकांचे काही आक्षेप असतात आणि ते रास्त आहेत. पडदा लहान असतो, बोटांनी टंकताना कंस आणि रिकाम्या जागा चुकतात, आणि पायथॉनमध्ये ओळीआधीच्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो. मोठा प्रकल्प फोनवर करणे दमवणारे आहे. शेजारीच येणारे संदेश लक्ष विचलित करतात. म्हणून फोन हा प्रयोगशाळेला पर्याय आहे असे कोणी म्हणू नये आणि प्रयोगशाळेचा निधी कमी करण्यासाठी तर तो मुळीच पुढे करू नये. ब्राउझरमधून दूरच्या सर्व्हरवर पायथॉन चालवण्याची सोयही आहे. पण तिला सतत नेटवर्क लागते, आणि ते शेतातल्या वस्तीवर प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. फोनमध्येच असलेला इंटरप्रिटर नेटवर्क नसतानाही चालतो.

ही सगळी माहिती समोर ठेवल्यावर आमचे मत असे आहे. दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहून तो चालतो का हे पाहण्याची संधी विद्यार्थ्याला रोज मिळाली पाहिजे. तास आठवड्यातून दोनदा आणि सराव वहीत, अशा पद्धतीने कोणाला प्रोग्रॅमिंग येत नाही. फोनवरचा पायथॉन ही रोजची संधी देतो आणि ती घेण्यासाठी वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या सरावासाठी फोन हे मान्य साधन आहे, असे महाविद्यालयांनी स्पष्टपणे सांगावे. कोणते ॲप वापरायचे, कोणती आवृत्ती घ्यायची, कोणत्या लायब्ररी मिळतील आणि कोणत्या मिळणार नाहीत, याचे एक पान मराठीत छापून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ त्याला जोड देऊ शकतात.

त्यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावाच लागतो. त्यातले एक-दोन गट दरवर्षी मोबाईल पायथॉनवर काम करू शकतात. स्वस्तातल्या, जुन्या फोनांवर पायथॉनच्या चाचण्या चालवून निकाल कळवणे, एखादी न चालणारी लायब्ररी अँड्रॉइडसाठी बांधून पाहणे, मराठी कीबोर्डच्या अडचणी नोंदवणे, विद्यार्थ्यांसाठी मराठी सूचनांचे साधे ॲप उभारणे, ही कामे त्यांच्या आवाक्यातली आहेत. मूळ संहिता खुली आहे आणि चुका कळवण्याची जागाही खुली आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. विद्यापीठाने अशा योगदानाला प्रकल्पाचे गुण दिले, तर तेवढे प्रोत्साहन पुरेसे आहे. एक अट मात्र पाळावी: केलेली दुरुस्ती स्वतःपाशी ठेवू नये, ती मूळ प्रकल्पात स्वीकारली जाईपर्यंत पाठपुरावा करावा. आकाशच्या अनुभवाने हेच शिकवले आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन फैजपूरला भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिले अधिवेशन. शहरात होणारी गोष्ट खेड्यात नेता येते, मात्र तिच्यासाठी गावाने राबावे लागते, हे धनाजी नाना चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी तेव्हा दाखवून दिले. फैजपूरच्या आणि खान्देशातल्या संगणकशास्त्राच्या विभागप्रमुखांना आमची विनंती आहे की या वर्षीच्या प्रकल्पांच्या यादीत पायथॉनच्या अँड्रॉइड पोर्टचा एक विषय घालावा. आपल्या मुलांच्या खिशातली ही प्रयोगशाळा सांभाळणारे हात त्याच मुलांमधून तयार झाले पाहिजेत.